मनिऑर्डर आटली, सातबारा मात्र मुंबईतच!

विशेष प्रतिनिधी, मुंबई

कोकणातील गावांचे अर्थकारण शंभर वर्षे गिरणगावातून जाणाऱ्या पैशावर चालले. तो पैसा आटला, गावातील माणसेही कमी झाली. पण जमिनीविषयी निर्णय घेणारी मंडळी आजही मुंबई-ठाण्यातच आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या शेतीपुढील खरा पेच भांडवलापेक्षा या दुराव्याचा आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात गेली. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात माणसे वाढली होती. अपवाद फक्त तीन जिल्ह्यांचा होता. रत्नागिरीची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर घसरली. आणि तिसरा जिल्हा होता मुंबई शहर! कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या या जिल्ह्यात, म्हणजे गिरगाव, परळ, लालबाग, दादर ज्यात येतात त्या जुन्या मुंबईत, अडीच लाख माणसे कमी झाली होती.

वरवर पाहता या तिन्ही आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. सिंधुदुर्गात एका चौरस किलोमीटरमध्ये १६३ माणसे राहतात. गडचिरोली वगळता राज्यात इतकी विरळ वस्ती अन्य कोणत्याही जिल्ह्यात नाही. मुंबई शहरात तेवढ्याच जागेत साडेएकोणीस हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहतात. एकीकडे भाताची खाचरे आणि आंब्याची कलमे, दुसरीकडे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे. तरीही हे जिल्हे एकाच दोरीची दोन टोके आहेत. ती दोरी मनिऑर्डरची होती. दोन्ही टोकांची माणसे एकाच दशकात कमी व्हावीत, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. लालबागच्या चाळीतून निघालेला आणि लांज्याच्या वाडीतून निघालेला, असे दोघेही डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारच्या दिशेने गेले. या स्थलांतराने कोकणाच्या शेतीचे काय झाले, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

खोताची जमीन, गिरणीचा पगार

कोकणी माणसाने मुंबईची वाट धरली ती हौसेने नव्हे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही डिसेंबरनंतर विहिरी तळाला जाव्यात, अशी येथील जांभ्या जमिनीची रचना. पावसाळी भाताचे एक पीक, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि बाकी आठ महिने हाताला काम नाही. त्यातही पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. खोती पद्धत रद्द करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ यांनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले. तोपर्यंत तीन-चार पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत घासून निघाल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांमध्ये, बाहेर जन्मून मुंबईत आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा असे, आणि त्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता.

या स्थलांतराची एक शिस्त होती. पुरुष एकटा जाई. परळ-लालबागच्या चाळीत गावकीच्या खोलीत पथारी टाकी, पाळीपाळीने झोपे, खानावळवाल्या बाईकडे जेवे. धोबीतलाव आणि गिरगाव परिसरात गोवेकरांनी आपापल्या गावांच्या नावाने जे ‘कूड’ चालवले, त्यांचाच हा गिरणगावातील भाऊबंद. बायको, आईवडील, मुले गावी राहत. भात लावणे, कापणे, गुरे राखणे हे काम बायकांच्या अंगावर पडे. दर महिन्याला मनिऑर्डर जाई. टपाल खात्याने १८८० साली सुरू केलेल्या या सेवेचा कोकणाइतका उपयोग क्वचितच कोणी केला असेल. त्या पैशातून वाण्याची उधारी भागे, शाळेची फी भरली जाई, घराची कौले बदलली जात आणि बैलाची जोडी येई. शेती धान्य देई, गिरणी रोख रक्कम देई. दोहोंपैकी एकावर संसार चालण्यासारखा नव्हता.

या व्यवस्थेची खूण जनगणनेत स्पष्ट दिसते. २००१ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. २०११ मध्येही हे प्रमाण १,१२२ होते, तर राज्याची सरासरी ९२९ इतकी खाली होती. यात स्त्रीजन्माच्या स्वागताचा वाटा किती, हा निराळा प्रश्न आहे. पुरुष मुंबईला गेले, हे त्यातील मुख्य कारण. मात्र २००१ ते २०११ या काळात हे प्रमाण दोन्ही जिल्ह्यांत घटले. सिंधुदुर्गात ते १,०७९ वरून १,०३६ वर आले. याचा अर्थ पुरुष परतले असा होत नाही, कारण एकूण माणसे कमीच झाली. याचा अर्थ, आता बायकाही निघाल्या. पूर्वी गावातून एक माणूस जाई आणि घर मागे राहत असे. आता घरच जाते.

संपानंतरची तीन दशके

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्याची मुंबईतील कहाणी अनेकदा सांगितली गेली आहे. कोकणातील कहाणी तितकीशी सांगितली गेलेली नाही. संपाच्या पहिल्या वर्षी हजारो कामगार गावी गेले ते शेतीच्या भरवशावर. दीड-दोन एकरांच्या तुकड्यांनी त्यांना काही महिने तगवले. संप इतका काळ टिकला, त्यात गावाकडच्या तांदळाचा वाटा होता. पण गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. लाखाच्या घरात कामगारांची नोकरी गेली आणि गावाकडे जाणारा नियमित पैसा थांबला.

अशा वेळी माणसे शेतीकडे वळतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. घडले उलटे. मनिऑर्डरीने शेतीची तूट भरून काढली होती; ती थांबताच शेती किती तोट्याची आहे हे उघडे पडले. दुसरीकडे, याच मनिऑर्डरीतून शिकलेली पिढी तयार झाली होती. २०११ मध्ये सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक होती, आणि दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येत आला आहे. या यशाची किंमत गावाला मोजावी लागते. पहिल्या वर्गात पास झालेला मुलगा वा मुलगी बारावीनंतर गावात टिकत नाही, कारण त्यांच्या शिक्षणाला साजेसे काम गावात नाही. पटसंख्या घटू लागली, तसा २०१७ साली दहा किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळा जवळच्या शाळेत समाविष्ट करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्याची झळ डोंगरावर विखुरलेल्या कोकणी वाड्यांना अधिक बसली. वाडीतली शाळा बंद झाली की उरलेले तरुण जोडपेही तालुक्याच्या गावी खोली घेते.

रेल्वे आली की चित्र पालटेल, असे सांगितले जात होते. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ही मागणी संसदेत लावून धरली होती. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांनी ते काम तडीस नेले आणि २६ जानेवारी १९९८ पासून सुमारे ७४० किलोमीटरच्या संपूर्ण मार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणे त्यामुळे सोपे झाले, यात शंका नाही. तथापि या रेल्वेने मुख्यतः माणसांची ने-आण केली. कोकणचा आंबा आजही प्रामुख्याने ट्रक आणि टेम्पोनेच वाशीला जातो. त्याचा रस्ता असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू होऊन दशकाहून अधिक काळ रखडले.

आंबा कोणाचा, कष्ट कोणाचे?

असे असले तरी कोकणाची शेती मोडीत निघाली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ती बदलली. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आणली आणि अल्पभूधारकांना लागवडीसाठी पूर्ण अनुदान देऊ केले. आंबा आणि काजूखालील क्षेत्र त्यानंतर झपाट्याने वाढले. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ या आंब्याच्या जाती दिल्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या काजूच्या जाती डोंगरउतारांवर रुजल्या. २०१८ साली हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते मिळाले आहे.

दादरच्या बाजारात किंवा गिरगावच्या नाक्यावर पेटी घेणाऱ्याला या आंब्याचा भाव ठाऊक असतो, त्यामागचा हिशेब नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली तर कलमे मोहोरतात. पाऊस लांबला की मोहोर लांबतो. फेब्रुवारीत उकाडा वाढला की कणी गळते. तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारणीमागून फवारणी करावी लागते. वानर-माकडांपासून राखण करावी लागते. त्यानंतर काढणी, अढी, पेटी, हमाली, वाहतूक. हा सारा खर्च हंगामाआधी करायचा असल्याने अनेक बागायतदार व्यापाऱ्याकडून उचल घेतात. उचल घेतली की माल त्याच व्यापाऱ्याकडे पाठवावा लागतो, आणि भाव त्याने सांगितलेला. जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि अडत विक्रेत्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. पण उचलीचे बंधन कायद्याने नव्हे तर गरजेने बांधलेले असते. ते त्यामुळे सुटले नाही.

यातला सर्वांत लक्षणीय बदल मात्र मजुरांचा आहे. रत्नागिरी-देवगडच्या बागांत आज राखण करणारे, फवारणीची नळी ओढणारे, झाडावर चढून आंबा उतरवणारे हात मोठ्या प्रमाणावर नेपाळमधून आलेल्या कामगारांचे आहेत. हंगामाच्या सुरुवातीला ही कुटुंबे येतात, बागेतल्या खोपीत राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मासेमारीच्या नौकांवरही नेपाळी खलाशी दिसतात. शंभर वर्षे मुंबईला मजूर पुरवणाऱ्या जिल्ह्याने आता हिमालयाच्या पायथ्याचे मजूर आणावेत, हा काळाचा फेरा आहे. एकेकाळी लालबागच्या डाकघरातून जशी मनिऑर्डर निघे, तसा आता देवगड-राजापूरच्या बागांतून नेपाळच्या खेड्यांकडे पैसा जातो. कोकण मनिऑर्डर घेणारे न राहता धाडणारे झाले आहे!

काजूची स्थिती याहून नाजूक आहे. आफ्रिकेतून येणारी कच्ची बी स्वस्त पडते, तेव्हा स्थानिक बीचा भाव घसरतो. बोंडू तर बहुतांश वायाच जातो. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. सिंधुदुर्गाच्या हद्दीत तेच फळ झाडाखाली कुजते. एका ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक पडतो, तो मातीमुळे नव्हे, धोरणामुळे.

कूळ लागेल, या भीतीपोटी

आंबा-काजूच्या बागा हा कोकणाचा हिरवा भाग झाला. त्याखेरीज मोठे क्षेत्र असे आहे की जे कोणीच कसत नाही. भाताची खाचरे गवताने भरली आहेत, बांध ढासळले आहेत, गडगे पडले आहेत. एक मळा पडीक राहिला की त्यात रानडुकरे वस्तीला येतात आणि शेजारच्या मळ्यातील उभे पीक लोळवतात. मग शेजारीही पुढच्या वर्षी नांगर धरत नाही. पडीक जमीन अशी संसर्गासारखी पसरते.

ही जमीन गावात राहणाऱ्या होतकरू शेतकऱ्याला का मिळत नाही, याचे उत्तर सातबाऱ्यावर सापडते. आजोबांच्या नावावरील दोन एकरांवर वारसांची नावे चढत चढत वीस-पंचवीस झाली. त्यातले काही बदलापूरला, काही विरारला, कोणी पुण्यात, कोणी परदेशात. सामाईक क्षेत्राची वाटणी झालेली नसल्याने कोणता तुकडा कोणाचा, हे कागदावर कोणीच सांगू शकत नाही. बँकेचे कर्ज हवे तर सर्वांची संमती हवी. ठिबक सिंचनाचे अनुदान हवे तर तेच. पीकविमा किंवा २०१९ पासून वर्षाला सहा हजार रुपये देणारी पीएम-किसान योजना असो, सारे काही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यासाठी आहे. मातीत हात असणाऱ्यासाठी नाही.

मग जमीन भाड्याने द्यावी, तर आड येते जुनी भीती. ‘कूळ लागेल’ हे दोन शब्द कोकणात अजूनही उच्चारले जातात. ही भीती अगदीच निराधार नाही. कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही जमीन विकत घेण्याचा हक्क कूळ कायद्याच्या कलम ३२-ओ ने दिला आहे. त्यामुळे लेखी करार करण्यास मालक धजावत नाही. तोंडी कराराने जमीन घेणाऱ्याला कर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी ती जमीन हाती राहील याची शाश्वतीही नसते. अशा जमिनीत कोणी कलमे लावणार नाही; कारण हापूसचे झाड चांगले फळू लागण्यास सात-आठ वर्षे जातात.

यातील विसंगती विचार करायला लावणारी आहे. चाकरमान्यांपैकी अनेकांच्या घरी जमीन आली ती याच कूळ कायद्यामुळे. खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या आजोबांना ज्या कायद्याने मालक केले, त्याच कायद्याच्या धास्तीने नातू जमीन ओसाड ठेवतो. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेतून ज्यांना जमीन मिळाली, ते आज न कसणारे मालक झाले आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण मुंबईत भाड्याच्या खोलीत वाढलेल्या कुटुंबासाठी गावची जमीन हा शेवटचा आधार होता. १९८२ च्या संपात, आणि पुढे २०२० च्या टाळेबंदीत, हा आधार किती मोलाचा ठरतो हे त्यांनी अनुभवले आहे.

मुंबई मंडळ आणि गाव मंडळ

कोकणातील बहुतेक वाड्यांची दोन मंडळे असतात. एक गावचे, दुसरे मुंबईचे. मुंबई मंडळाच्या सभा परळ-दादरच्या शाळांत, चाळींच्या पटांगणांत होत आल्या. देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडी, सभागृह, पालखीचा कार्यक्रम यांसाठी वर्गणी तेथे ठरते. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन, शक्ती-तुरा, दशावताराचे प्रयोग याच मंडळांनी भरवले. ग्रामपंचायत कोणाचीही असो, गावातील मोठ्या निर्णयांवर मुंबई मंडळाची छाप असते.

या मंडळांनी गावे टिकवली, हे मान्य करावेच लागेल. पण त्यांच्या खर्चाकडे पाहिले तर तो बहुतांशी देऊळ, सभामंडप आणि सणांवर होतो. उत्पादनाच्या कामी, म्हणजे काजू फोडण्याचे युनिट, शीतगृह, बंधारा, भाताची कापणी करणारे यंत्र यांवर, तो क्वचित होतो. कारण सोपे आहे. मुंबईकराच्या लेखी गाव हे वर्षातून दोनदा जाण्याचे ठिकाण आहे. त्याची तिथे अपेक्षा आहे ती स्वागताची, उत्पन्नाची नव्हे.

आता तर हे मंडळही विरळ होत आहे. गिरण्यांच्या जमिनींविषयीचा निकाल सर्वोच्च न्यायालयात मार्च २००६ मध्ये मालकांच्या बाजूने लागल्यानंतर गिरणगावाचा कायापालट वेगाने झाला. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली. २०१२ साली ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज मात्र दीड लाखाहून अधिक कामगारांचे आणि वारसांचे होते, आणि त्यातले कित्येक अर्जदार कोकणातल्या गावांत राहणारे होते. पुढची घरे पनवेलजवळ आणि त्याही पलीकडे देऊ केली गेली. चाळींच्या पुनर्विकासात काही कुटुंबांनी मिळालेले घर विकून उपनगरात मोठे घर घेतले. दामोदर नाट्यगृहही २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. एका चाळीत, एका गल्लीत राहणारी वाडी आता कर्जतपासून विरारपर्यंत पसरली आहे. पूर्वी वीस वारसांच्या सह्या एका संध्याकाळी लालबागच्या एका मजल्यावर मिळाल्या असत्या. आज त्यासाठी वर्ष पुरत नाही. गिरणगाव विस्कटल्याची किंमत कोकणातील शेतीने अशीही मोजली आहे.

विकत घेणाऱ्याला मात्र वेळ आहे

जमीन पडून राहते तेव्हा ती तशीच राहत नाही, तिला गिऱ्हाईक येते. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर कायद्याने निर्बंध असले, तरी अन्यत्र शेतकरी म्हणून नोंद असलेला कोणीही कोकणात जमीन घेऊ शकतो. समुद्राकाठ, महामार्गालगत आणि प्रस्तावित प्रकल्पांच्या परिसरात असे व्यवहार वाढले. राजापूर तालुक्यातील नाणार परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मे २०१७ मध्ये अधिसूचना निघाली आणि तीव्र विरोधानंतर मार्च २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झाले. त्या काळात तेथील जमिनींच्या खरेदीवरून बरेच आरोप-प्रत्यारोप झाले. पुढे बारसूत, एप्रिल २०२३ मध्ये, माती परीक्षणाच्या वेळी पुन्हा संघर्ष पेटला. या प्रकल्पांची बाजू बरोबर की विरोधकांची, हा स्वतंत्र विषय आहे. येथे लक्षात घेण्याजोगे इतकेच की, अशा प्रसंगी ‘आमची जमीन’ म्हणणारे दोन गट उभे राहतात. एक गावात राहणाऱ्यांचा, दुसरा मुंबईत राहणाऱ्यांचा. दोघांचे हित एकच असते असे नाही. बागेवर जगणाऱ्याला जमीन गेली की उपजीविका जाते. पडीक तुकड्याच्या दूरस्थ वारसाला मोबदला हा अनपेक्षित लाभ वाटू शकतो. दलाल नेमके हेच ओळखतो. वीस वारसांना गाठण्याचा वेळ आणि पैसा त्याच्याकडे असतो. गावातल्या शेतकऱ्याकडे तो नसतो.

२०२० च्या उन्हाळ्याने या नात्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या. टाळेबंदीत मुंबईतून निघालेल्या चाकरमान्यांना काही गावांनी चौदा दिवस वेशीवर, शाळेत थांबवले आणि त्यातून कटुता आली. त्याच हंगामात वाशीचा बाजार विस्कळीत झाल्यावर बागायतदारांनी आंबा थेट मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या फाटकापर्यंत पोहोचवला. गाव आणि मुंबई यांच्यातील ओळखीचा उपयोग वर्गणीऐवजी विक्रीसाठी होऊ शकतो, हे त्या दोन महिन्यांत सिद्ध झाले. मात्र त्यानंतर जूनमध्ये निसर्ग आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते या चक्रीवादळांनी बागा झोडपल्या. परतलेल्या तरुणांपैकी ज्यांच्या नावावर स्वतंत्र जमीन होती, त्यांना पुन्हा उभे राहण्याची निदान संधी होती. इतरांनी मुंबईची गाडी पकडली.

जपानने काय केले?

माणसे गेली आणि जमीन मागे राहिली, हा अनुभव केवळ कोकणाचा नाही. जपानमध्ये २०१६ च्या सुमारास मालकांचा ठावठिकाणा न लागणाऱ्या जमिनीचे क्षेत्र ४१ लाख हेक्टर असल्याचा अंदाज तेथील एका अभ्यासगटाने मांडला. हे क्षेत्र क्यूशू या बेटापेक्षा मोठे होते. खेड्यातून शहरात गेलेल्यांनी वारसाहक्काची नोंदच केली नव्हती. अखेर १ एप्रिल २०२४ पासून जपानने ही नोंद सक्तीची केली आणि विनाकारण टाळणाऱ्यास दंडाची तरतूद केली. जमिनीच्या मालकाने ती कसली नाही तरी चालेल, पण तो कोण आहे हे समाजाला ठाऊक असले पाहिजे, असा त्यामागील विचार आहे.

महाराष्ट्रातही हालचाल सुरू झाली आहे. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद करण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम २०२५ साली राबवण्यात आली. त्याच वर्षी शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण अपुरी आहेत. वारस नोंदीने सातबाऱ्यावरील नावे वाढतात, कमी होत नाहीत. खरी गरज जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार वाटप होण्याची आहे, आणि त्यासाठी सर्व सहहिस्सेदार एकत्र यावे लागतात. ते कोकणात एकत्र येतात मे महिन्यात आणि गणपतीत. महसूल खात्याची शिबिरे त्या दिवसांत गावी आणि उरलेल्या काळात ठाणे-मुंबईत भरवली, तर जे काम दहा वर्षांत होत नाही ते दोन-तीन हंगामांत होऊ शकेल.

दुसरा मुद्दा भाडेपट्ट्याचा. नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. मालकाची मालकी अबाधित आणि कसणाऱ्याला ठरावीक मुदतीची हमी, कर्ज व विम्याचा हक्क, असे त्याचे सूत्र आहे. कूळ कायद्याने ज्यांना न्याय दिला त्यांच्या हक्कांना धक्का न लावता, पडीक क्षेत्रापुरती अशी सोय कोकणासाठी करता येण्याजोगी आहे. त्यात आंबा-काजूसाठी पंधरा-वीस वर्षांची मुदत नसेल, तर तिचा उपयोग होणार नाही. राज्याच्या २०१७ च्या गटशेती योजनेत किमान २० शेतकरी आणि १०० एकरांची अट होती. डोंगरउतारावर गुंठ्यांत विखुरलेल्या कोकणी शेतीला असे मोजमाप लागू पडत नाही, हेही धोरणकर्त्यांनी ध्यानी घ्यावे.

तिसरा मुद्दा सरकारचा नाही, तो मुंबईकरांचा आहे. आपल्या वाट्याच्या जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून पुढे ढकलला जातो. ज्यांनी गाव पाहिले, गडग्यांच्या खुणा ज्यांना ठाऊक आहेत, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. ‘फणसापासून ओहोळापर्यंत आपले’ ही माहिती कोणत्याही नकाशात नाही, ती त्यांच्या स्मरणात आहे. ती माणसे गेल्यावर वारसांकडे सातबाऱ्याचा उतारा उरेल, पण तो तुकडा नेमका कोठे आहे हे दाखवणारे कोणी उरणार नाही. तेव्हा वाटणी करायची म्हटले तरी होणार नाही, आणि दलाल सांगेल ती हद्द मान्य करावी लागेल.

२०११ नंतर देशात दशवार्षिक जनगणना वेळेवर झाली नाही. नव्या मोजणीत रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे आकडे आणखी घसरलेले निघाले, तर कोणाला आश्चर्य वाटू नये. माणसे कमी होणे हे अपरिहार्य असेलही. विरळ वस्तीचा प्रदेश समृद्ध असू शकतो. मात्र त्यासाठी, मागे राहिलेल्या मोजक्या माणसांच्या हाती जमीन असावी लागते. शंभर वर्षे मुंबईने कोकणाला पैसा पाठवला. आता तेथल्या शेतकऱ्याला मुंबईकडून हवी आहे ती मनिऑर्डर नव्हे, वाटणीपत्रावर एक सही.